जांभळं प्रवाळ

“पण हा रंग आहे कुणाचा?”

हृषीकेशने मान वर केली. इतकं सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी एवढंच विचारलं होतं.

“प्रवाळाचा,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की, बाई. सिद्ध केलंय.”

बाईंच्या मांडीवरच्या सुपात कुळीथ होते. त्या त्यातले खडे वेचत राहिल्या.

समोरच्या अंगणात, खळ्यात, दुपारचं ऊन पडलं होतं. खाली, माडांच्या पलीकडे, समुद्र.

चारुशीला नाबर यांनी उभं आयुष्य समुद्रातल्या जीवांचे रंग ओळखण्यात घालवलं. शंखाचा, स्पंजाचा, प्रवाळाचा. कुठला रंग कशाचा, तो कशात विरघळतो, कशाने उडतो, हे त्यांच्याइतकं जाणणारं त्या काळी दुसरं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्या आणि कोकणात निवतीला येऊन राहिल्या. एकट्या. भाषणाला जात नसत. सत्काराला तर नाहीच. कुणी आलं तर ओटीवर बसवत, तांब्याभर पाणी देत, आणि बहुधा एखादाच प्रश्न विचारत. तो प्रश्न घेऊन माणसं घरी जात आणि चार जणांना सांगत. अशाने त्या न मागता गुरू होऊन बसल्या होत्या.

हृषीकेश चेऊलकर मात्र खरोखरचा शिष्य. त्यांच्या हाताखाली तयार झालेला आणि सगळ्यांत पुढे गेलेला. आता पन्नाशीला आला होता. पुण्याला त्याची स्वतःची मोठी प्रयोगशाळा होती. पुण्यात समुद्र नाही. त्याने तो काचेच्या टाक्यांत आणून ठेवला होता.

“पुन्हा सांगू का, बाई?”

“सांग. सावकाश सांग.”

तो सांगू लागला.

प्रवाळ हा प्राणी. सांगाडा पांढऱ्या चुन्याचा, मांस काचेसारखं आरपार. त्याचा जो तपकिरी रंग आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा त्याचा नसतोच. त्याच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहायला असतं, त्याचा असतो. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं प्रवाळाला वाढतं. प्रवाळ त्याला घर देतं. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो. शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं.

हे सगळं बाईंनीच त्याला कधीकाळी शिकवलं होतं. तरी त्यांनी मध्ये तोडलं नाही.

“आमच्या टाकीत उलटं झालं,” हृषीकेश म्हणाला. “तपकिरी गेला. पांढरं पडायचं, तर खालून जांभळा चढायला लागला. टोकांना आधी, मग सगळीकडे. पिकलेल्या जांभळासारखा. परदेशातल्या प्रवाळांत असं पाहिलंय लोकांनी, पण आपल्या किनाऱ्याच्या या जातीत कुणीच पाहिलं नव्हतं. तो कशामुळे येतो, ते रंगद्रव्य आम्ही शोधून काढलं.”

“पाणी का तापलं होतं?”

“आम्हीच तापवलं. हळूहळू. शैवाल घालवायचं होतं. ते असलं की त्याच्याखालचं काही दिसत नाही.”

“आणि ओळखला कसा?”

हृषीकेश पुढे सरकून बसला. हा त्याचा आवडता भाग होता.

“आधी वाटलं, शैवालाचाच एखादा रंग मागे उरला असेल. पण तो अल्कोहोलमध्ये उतरला असता. हा काही केल्या उतरेना. मग तिने साध्या मिठाच्या पाण्यात...”

तो थांबला.

“म्हणजे आम्ही मिठाच्या पाण्यात घोटून पाहिलं. सगळा रंग पाण्यात आला. तिथेच कळलं. हे प्रथिन आहे, आणि ते प्रवाळाने स्वतः घडवलंय. पाहुण्याचं नाही, घरमालकाचं.”

“तिने म्हणजे कुणी?”

“माझ्याकडे पीएच.डी. करत होती. दीपश्री कुबल. इकडचीच आहे, मालवणजवळची.”

बाईंनी एक खडा उचलला, पाहिला, खळ्यात टाकला.

हृषीकेशने शेजारची बर्फाची पेटी उघडली. आतून बोटाएवढी काचेची कुपी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

“हे तुमच्यासाठी.”

कुपीत जांभळं पाणी होतं. गढूळपणाचा लवलेश नाही.

“एवढंच आहे शुद्ध स्वरूपातलं. बाकी सगळं चाचण्यांत खर्च झालं. पुढच्या महिन्यात मोठा समारंभ आहे, त्यात याचं नाव जाहीर करायचंय.” तो थोडा पुढे झुकला. “बाई, याला मी तुमचं नाव देतोय.”

बाईंचा हात सुपात थांबला.

कितीतरी वर्षांत त्यांचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. त्यांनी शोधलेल्या रंगांवर पुढे इतरांची नावं लागली होती, आणि त्या कधी भांडल्या नव्हत्या. लोकांना वाटे, त्यांना त्याचं काही नाही. लोकांना काहीही वाटतं.

त्यांनी कुपी घेतली. उन्हात धरली.

क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला. हृषीकेशने तो चेहरा याआधी एकदाच पाहिला होता, आणि त्यासाठी तो एवढ्या लांबून गाडी हाकत आला होता.

“सुंदर आहे,” बाई म्हणाल्या.

त्याचे डोळे भरून आले.

“हा घडवला कशासाठी त्याने?”

“सावलीसाठी, बाई. शैवाल गेलं की ऊन थेट उघड्या मांसावर येतं. मग प्रवाळ हे प्रथिन तयार करतं. छत्रीच म्हणा ना.”

“म्हणजे सुखाने नाही घडवला.”

“आता सुख वगैरे आपण कशाला...”

“विचारलं तेवढं सांग.”

“नाही. जिवावर बेतलं म्हणून घडवला.”

“मग ते जगलं?”

हृषीकेशने रुमालाने मान पुसली.

“पाणी वेळेवर थंड झालं तर जगतात कधीकधी. शैवाल परत येतं.”

“तुझ्याकडचं जगलं का, ते विचारते आहे.”

“नाही.”

“एकही?”

“रंग चढतच होता, बाई. रोज सकाळी पाहावं तर कालच्याहून गडद. अशा वेळी थांबणार कोण? म्हणून पाणी तसंच गरम ठेवलं. एके दिवशी मांस सुटून आलं. पण तोवर पुरेसं रंगद्रव्य हाती लागलं होतं.”

...

“पाणी थंड करा, असं कुणी म्हणालं नाही?”

खाली किनाऱ्यावर काही माणसं होडी ओढत होती. त्यांचा हाकारा वर ऐकू येत होता.

“म्हणाली होती,” हृषीकेश म्हणाला. “दीपश्री.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, थांब अजून थोडं. अजून चढतोय.”

बाईंनी सूप बाकावर ठेवलं.

“कामाला कशी होती?”

यावर मात्र तो मोकळेपणाने बोलू शकत होता. त्याला हायसं वाटलं.

“विचारू नका. अशी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नाही. मासेमारांच्या घरातली, पाण्यात उतरली की मासोळीच. पहिली दोन वर्षं साधीच वाटायची. थोडी दडपूनच ठेवली मी तिला, खोटं कशाला बोलू. ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणायचो. चारचौघांसमोर म्हणायचो. आणि मग एकदम... बाई, शेवटचे काही महिने तर ती झपाटल्यासारखी काम करत होती. जेवणाची शुद्ध नाही, घरी फोन नाही. टाकीच्या काचेला कपाळ लावून बसलेली असायची. इतरांना वर्ष लागेल ते आठवड्यात करून टेबलावर आणून ठेवायची. डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. मी सगळ्यांना सांगायचो, बघा, पोरगी कशी बहरली.”

“बहरली.”

“हो.”

“आता कुठे आहे?”

“घरी. तब्येत जरा... ताण आला असावा. मी विश्रांती घ्यायला सांगितलंय. विद्यावेतन थांबवलेलं नाही. पेपरवर नावही आहे तिचं.”

“कितवं?”

“तिसरं.”

बाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. कुपी मुठीत होती. त्या आत गेल्या.

फ्रिजमध्ये ठेवायला गेल्या असतील असं हृषीकेशला वाटलं.

“बाई, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको,” त्याने ओटीवरून सांगितलं. “गोठला तर बिघडेल. खाली ठेवा.”

आतून भांड्यावर काच वाजल्याचा आवाज आला.

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि मग ओरडला.

गॅसवर मघाशी ठेवलेलं चहाचं आधण उकळत होतं. त्या उकळत्या पाण्यात कुपी नाचत होती.

“बाई!”

तो धावला, तशा बाई आडव्या आल्या. त्यांच्या अंगात जोर नव्हता. पण त्यांना हाताने बाजूला सारणं हे त्याच्याने झालं नाही.

जांभळा आधी मळका झाला. मग करडा. मग कुपीत पांढरे कण दिसू लागले, फाटलेल्या दुधासारखे.

बाईंनी गॅस बंद केला.

“एवढंच होतं,” हृषीकेश म्हणाला. “तुम्हाला सांगितलं होतं मी, एवढंच होतं.”

“आता थंड केलं तर?”

“काय?”

“हे पाणी आता थंड केलं तर रंग परत येईल?”

“तुम्ही मला हे विचारता? तुम्ही?” त्याने कुपीकडे बोट केलं. “नाही येणार. प्रथिनाची घडी मोडली की मोडली. उकडलेलं अंडं कच्चं होतं का पुन्हा?”

“बर्फात ठेवलं तरी नाही?”

“बर्फात पुरून ठेवा. नाही येणार.”

बाईंनी मान हलवली.

“बरं झालं, तू सांगितलंस. मला एकाला उत्तर द्यायचं होतं. माझ्या तोंडाने ते निघत नव्हतं.”

“कुणाला?”

“बस.”

तिथे बसायला एक पाट तेवढा होता. तो पाटावर बसला. बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“दीपश्रीचा बाप आला होता. चौकशी करत करत. आपल्या सरांच्या बाई इथे राहतात, असं मुलीने कधीतरी सांगितलेलं. बाकावर बस म्हटलं, बसला नाही. पायरीवर बसला. त्याला एकच विचारायचं होतं.”

बाई थांबल्या. मग मुलीबद्दल विचारलेलं ते त्यांनी कुबलांच्याच भाषेत सांगितलं, हळू, एकही शब्द न बदलता.

“चेडू दीसभर एकच बोलता, बाईनू. पाणी थंड करा, पाणी थंड करा. मडक्यातला दिलंव, बर्फ घालून दिलंव. तोंडाक लावणा नाय. खयचा पाणी म्हणता ता, तुमका ठावक आसा?”

...

भांड्यातल्या पाण्याची वाफ अजून येत होती.

“ती दुसरं काही बोलत नाही?” हृषीकेशने विचारलं.

“नाही.”

“डॉक्टर?”

“झाले. चालू आहेत.”

“माणसं ओळखते?”

“बापाला ओळखते. त्यालाच तर सांगते, पाणी थंड करा.”

हृषीकेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

मग त्याने हात काढले तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच झाला होता.

“हे मी कुणाकडून शिकलो, बाई?”

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“माझे वडील गेले तेव्हा मी तुमच्याकडे होतो. बावीस वर्षांचा. दुपारी घरून, चौलहून फोन आला. मी एप्रन काढला होता. आठवतंय? आपण प्रवाळातला नारिंगी वेगळा करत होतो. काचेच्या नळीतून तो थेंबथेंब उतरत होता, आणि मध्ये सोडला तर महिन्याची मेहनत वाया. मी दाराशी पोचलो होतो. तुम्ही काय म्हणालात?”

“तू सांग.”

“म्हणालात, बाप आता कुठे जातोय?”

बाईंनी ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

“मी राहिलो. एप्रन पुन्हा घातला. चुलतभावाने अग्नी दिला. मी पोचलो तेव्हा आईने मला आंघोळीचं पाणी काढून दिलं आणि काही बोलली नाही. पुढे मरेपर्यंत ती माझ्याशी सगळं बोलली. पण त्या दिवसाबद्दल कधी नाही.” त्याने श्वास घेतला. “आणि मी परत आलो, ते वेड्यासारखं काम केलं. झोपत नव्हतो. झोपलो की ते दार दिसायचं. वर्षाने माझं नाव झालं, तेव्हा तुम्ही असंच पाहिलं होतंत माझ्याकडे, आज कुपीकडे पाहिलंत तसं. आणि म्हणालात, हृषीकेश, बहरलास.”

...

“म्हणालात की नाही?”

“म्हणाले,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“तो नारिंगी मला आठवतो. फार शुद्ध उतरला होता. तसा पुन्हा कुणाच्या हातून उतरला नाही.”

हे त्या पश्चात्तापाने म्हणाल्या की कौतुकाने, हृषीकेशला कळेना. बहुधा त्यांनाही कळलं नसावं. त्या ओट्याकडे वळल्या, सांडशीने कुपी बाहेर काढली आणि पुसून ओट्यावर उभी केली.

हृषीकेश पाटावरून उठला नाही.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. “तिच्या डोळ्यांतली ती चमक... मी फसलो नव्हतो, बाई. मी ती ओळखली होती. मी ती आरशात पाहिलेली होती. मला एका दिवसात ती थांबवता आली असती. तिला घरी पाठवायचं, बस. मी म्हटलं, अजून चढतोय.”

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्याने तो उचलला नाही. त्याच्याकडे नुसता पाहत राहिला.

“मी त्या रंगाला तिचं नाव देतो,” तो म्हणाला.

“मेलेल्या प्रवाळाचा रंग. तिने तो प्रवाळ जिवंत असताना पाहिलाय. तू दिलेलं नाव तिला काय करायचंय?”

“पेपरवर पहिलं नाव तिचं घालतो. दुरुस्ती पाठवतो. समारंभात उभा राहून सांगतो, की हे सगळं तिचं आहे.”

“सांग. टाळ्या पडतील.”

“बाई...”

“पडतील. तू ते चांगलं सांगशील. दोन-चार जण रडतील. तुला त्या दिवशी झोप लागेल.”

हृषीकेशने मान खाली घातली.

“मग मी करू काय?”

“कुबलांकडे जा.”

“तिच्यासमोर?”

“तिच्यासमोर कशाला? तिला काय नव्याने कळायचंय? बापाकडे जा. तो विचारतोय ते पाणी कुठलं, ते त्याला सांग. टाकी कुणाची, तापवली कुणी, ती काय म्हणाली, तू काय म्हणालास.”

“तुम्ही नाही सांगितलंत त्याला?”

“मी म्हटलं, विचारून सांगते.”

त्या दुपारी हृषीकेश चेऊलकर निवतीहून निघाला तो पुण्याच्या रस्त्याला लागला नाही. मालवणकडे वळला. पुढचं लोकांना पुढे कळलं ते असं, की कुबलांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभ्यानेच ऐकून घेतलं. आत कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “आणि आता थंड केलात ता पाणी?” टाकी तर कधीच रिकामी करून धुऊन ठेवली होती. हृषीकेशने तसं सांगितलं. कुबलांनी दार लावलं. जोराने नाही. रोज लावत असतील तसंच.

समारंभ झाला नाही. रंगद्रव्याला एक आकडा देण्यात आला आणि त्याच आकड्याने ते आज ओळखलं जातं. दीपश्री वर्षभराने थोडं थोडं बोलू लागली. आता ती घरच्या घरी जाळी विणते. समुद्रावर जात नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो निघाला तेव्हा त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तो खळ्यापर्यंत गेला. गाडीचं दार उघडलं. आणि तसाच मागे आला.

बाई पुन्हा ओटीवर येऊन बसल्या होत्या.

“ते मला मारतील,” तो म्हणाला.

“मारणार नाहीत. तसा माणूस नाही तो. मारलं असतं तर तुला बरं वाटलं असतं.”

“मग काय करतील?”

“ऐकून घेतील आणि दार लावतील.”

“पुन्हा जाऊ?”

“पुन्हा लावतील.”

“त्याने ती बरी होईल?”

“नाही.”

“माझं... माझं तरी काही हलकं होईल?”

“नाही.”

वारा पडला होता. खालचा हाकाराही थांबला होता. होडी वर ओढून झाली असावी.

“मग जायचं कशाला, बाई?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“नाही गेलास, तर माझ्यासारखा होशील,” त्या म्हणाल्या. “लोक पाया पडायला येतील.”